जस्त, रक्त आणि आपले ताट



सिद्धरामेश्वरांच्या सोलापुरात स्वागत समितीच्या वतीने गावोगावाहून आलेल्या डॉक्टर, आहारतज्ज्ञ व आशाताई अशा आपणा सर्वांचे मनःपूर्वक स्वागत!

डेंगीच्या दिवसांत घरोघरी एकच प्रश्न असतो, ‘काउंट किती?’ दीड ते साडेचार लाखांत आकडा बसला की नातेवाईक निश्चिंत होतात. पण प्लेटलेटची शिरगणती वेगळी आणि त्यांचे काम वेगळे. जखमेपाशी त्या एकमेकींना चिकटतात का, हा खरा प्रश्न. आणि जस्ताचा, म्हणजे झिंकचा, संबंध इथेच येतो.

माणसातील जस्तन्यूनतेकडे जगाचे लक्ष वेधले ते मूळच्या बिहारच्या डॉ. आनंद प्रसाद यांनी. १९६१ साली इराणमधल्या, मुख्यतः रोटीवर जगणाऱ्या, वाढ खुंटलेल्या तरुणांविषयी त्यांनी लिहिले. पुढे १९८० मध्ये उंदरांत आणि १९८२ मध्ये प्रौढ पुरुषांत असे दिसले, की आहारातले जस्त घटले की प्लेटलेट गोळा होण्याची क्रिया मंदावते. उंदरांवरील अभ्यासातून कारणही पुढे आले: उत्तेजित प्लेटलेटमध्ये कॅल्शियम शिरायला हवे तेवढे शिरत नाही, आणि त्याच्या इशाऱ्यावाचून त्या एकत्र येत नाहीत.

हा विषय आमच्या ज्वारीच्या मुलखात निघावा, हे योग्यच. ज्वारी-डाळींत जस्त असते; पण त्यांतले फायटेट ते धरून ठेवते आणि आतड्यात पुरेसे शोषू देत नाही. मटकीला मोड आणणे, पीठ आंबवणे यांनी हे फायटेट कमी होते. आपल्या आज्या-पणज्या चवीसाठी जे करत आल्या, त्याला शास्त्राचाही आधार आहे. शेंगदाणे, तीळ, अंडी, मटण हेही ताटात असावे.

मात्र काउंट उतरला म्हणून झिंकच्या गोळ्या सुरू करणे हा उपचार नव्हे. अति झिंक दीर्घकाळ घेतले तर शरीरातील तांबे घटते आणि रक्तक्षय ओढवतो. औषधाचा निर्णय डॉक्टरांचाच.

दुपारच्या पंगतीत भाकरी, मोडाची उसळ आणि शेंगाचटणी आहे. व्यवस्थेत काही उणे राहिले तर उदार मनाने सांभाळून घ्यावे. येथून परतल्यावर आपण सर्वांनी एवढे करावे: रुग्णाचा काउंट विचारताना त्याच्या ताटात काय असते, तेही विचारावे.