लसूण ताटात, गोळी वेळेवर
(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



कापसाच्या भावावर बोलायला आज बरेच वक्ते आहेत. मला अध्यक्षांनी दहा मिनिटे दिली आणि विषय दिला लसणाचा. हसू नका. गावोगावच्या बैठकांत एक प्रश्न पुन्हा पुन्हा येतो आहे, "भाऊ, जंगली लसणाच्या कॅप्सूल घेतल्या तर बीपीची गोळी सुटते का?"

उत्तर आधीच देतो. नाही, सुटत नाही. का सुटत नाही, तेही ऐका. शेतकऱ्याने कोणाचेही म्हणणे हिशेब पाहिल्याशिवाय मानू नये, माझेसुद्धा.

जंगली लसूण ही युरोपातली वनस्पती आहे. जर्मन लोक तिला 'अस्वलाचा लसूण' म्हणतात. ओलसर, सावलीच्या जंगलात ती वसंतात उगवते आणि तिकडचे लोक तिची पाने भाजीत, चटणीत खातात. आपल्या कोरडवाहू रानात ती येत नाही. तिकडेही ती गोळा करताना घोटाळे होतात. तिच्यासारख्याच पानांच्या दोन विषारी वनस्पती आहेत. एकीत आपल्या बांधावरच्या कळलावीत असते तेच विष आहे. दुसरीत कण्हेरीसारखे, हृदयाचे ठोके बिघडवणारे विष आहे. पानांची गल्लत होऊन तिकडे माणसे मेलेली आहेत. पिढ्यान्‌पिढ्या ते रान पाहणारे लोक जिथे फसतात, तिथे बाजारातल्या कॅप्सूलमधला हिरवा भुगा पाहून तुम्ही-आम्ही काय ओळखणार?

आता गुणाचे बोलू. लसणात गुण नाही असे मी म्हणत नाही. आपणच लसूण-मिरचीचा अर्क कपाशीवर फवारतो. लसणाच्या पाकळीत दोन द्रव्ये वेगवेगळ्या कप्प्यांत असतात. पाकळी ठेचली की ती एकत्र येतात आणि ॲलिसिन तयार होते. तोच तो उग्र वास. १९४४ साली अमेरिकेत ते वेगळे काढले गेले. किडीपासून आणि बुरशीपासून स्वतःचा बचाव करायला झाडाने केलेली ही सोय आहे. पण ॲलिसिन टिकाऊ नाही. अख्खी पाकळी उकळली तर ते नीट तयारच होत नाही. वाळवून, दळून, कॅप्सूलमध्ये भरल्यावर त्यातले किती उरले हे त्या त्या कारखान्यावर अवलंबून.

माणसावर परिणाम काय? आपण नवीन औषध फवारतो तेव्हा शेजारी नुसत्या पाण्याचा पट्टा ठेवतो. नाहीतर कीड औषधाने गेली की पावसाने, हे कळत नाही. डॉक्टरही तसेच करतात. काहींना औषध देतात, काहींना दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी. साध्या लसणाच्या अशा चाचण्या एकत्र पाहिल्या तर ज्यांचा रक्तदाब वाढलेला आहे त्यांचा वरचा आकडा सरासरी ८ च्या आसपास उतरलेला दिसतो. म्हणजे ज्याचा १७० आहे त्याचा १६२. काही उतरले हे खरे, पण धोका टळला नाही. कोलेस्टेरॉलचे पाहा. स्टॅनफर्ड विद्यापीठाने २००७ साली १९२ माणसांवर सहा महिने केलेल्या चाचणीचे निष्कर्ष जाहीर केले. कच्चा लसूण आणि लसणाच्या दोन प्रकारच्या गोळ्या तपासल्या. वाईट कोलेस्टेरॉल एकानेही उतरले नाही. आणि लसणाने हृदयविकाराचे झटके किंवा मृत्यू कमी होतात, असे कोणत्याही चाचणीने सिद्ध झालेले नाही.

हे सगळे साध्या लसणाचे. जंगली लसणावरचे काम बहुतेक प्रयोगशाळेतले आणि उंदरांवरचे आहे. म्हणजे पिशवीवर नाव एका वाणाचे आणि उताऱ्याचे आकडे दुसऱ्याच वाणाचे! असे बियाणे तुम्ही घ्याल का?

कोणी म्हणेल, हा शिकलेला माणूस जडीबुटीच्या विरोधात आहे. मुळीच नाही. मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी आपल्या सर्पगंधेच्या मुळीचा रक्तदाबाच्या रोग्यांवर अभ्यास केला आणि १९४९ साली तो इंग्लंडच्या हृदयरोगाच्या मासिकात छापून आला. साऱ्या जगाने दखल घेतली. १९५२ साली त्या मुळीतले रिसर्पिन वेगळे काढले गेले. मात्रा ठरली, गुण मोजला गेला, आणि मन खिन्न होण्यासारखे दोषही नोंदले गेले. मुळी आपली होती म्हणून जगाने मानली नाही. ती मोजून दाखवली म्हणून मानली. जंगली लसूणवाल्याला आपण एवढेच विचारायचे, "तुझे मोजमाप दाखव."

कायदाही आपल्या बाजूने आहे. १९६८ च्या कीटकनाशक कायद्याने कोणते औषध कोणत्या पिकावर, कोणत्या किडीला, हे लेबलवर लिहावे लागते. माणसाच्या बाबतीत १९५४ चा जादुई उपचारांच्या जाहिरातींचा कायदा आहे. हृदयविकार किंवा रक्तदाब बरा करतो अशी जाहिरात करायला तो मनाई करतो. पूरक आहार म्हणून विकल्या जाणाऱ्या डबीवर 'औषधी वापरासाठी नाही' असे छापणे २०१६ च्या नियमांनी बंधनकारक आहे. डबी उलटी करून वाचा. विकणारा तोंडाने बोलतो ते डबीवर का लिहीत नाही, ते तिथेच कळेल.

आणि हिशेब पाहा. लसूण आपण बाजारात नेला की भाव दुसरा ठरवतो. तोच भुकटी होऊन डबीत शिरला की किंमत छापून येते, आणि ती द्यायला पुन्हा आपणच! उलट सरकारी दवाखान्यात रक्तदाबाची तपासणी आणि गोळी मिळण्याची सोय आहे. १५ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार निःशुल्क आहेत. गोळी संपली म्हणून आरोग्य केंद्रातून कोणी परत पाठवले, तर एकट्याने घरी येऊन बसू नका. चारजण मिळून जा आणि मागा. तो आपला हक्क आहे.

आता कामाच्या चार गोष्टी.

एक, बीपीची गोळी मनाने सोडू नका. बरे वाटते ते गोळीमुळे वाटते. काही गोळ्या एकदम बंद केल्या तर दाब उसळतो.

दोन, ज्यांना स्टेंट बसवला आहे, रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे, त्यांनी लसणाच्या कॅप्सूल डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत. लसूणही रक्त गोठणे मंदावतो. ऑपरेशन ठरले असेल तर कॅप्सूल घेत असल्याचे आधी सांगा.

तीन, लसूण खुशाल खा. ज्वारीच्या भाकरीसोबत ठेच्याइतके चांगले काय आहे? पण ठेच्यातले मीठ मोजा. माणशी दिवसाला ५ ग्रॅम, म्हणजे सपाट एक लहान चमचा, सगळ्या जेवणात मिळून. लोणचे, पापड त्यातच धरा. आणि खर्रा, तंबाखू, विडी सोडा. डबीभर कॅप्सूल जे करणार नाही ते हे करील.

चार, आणि हे मायबहिणींनी नीट ऐकावे. छातीवर दगड ठेवल्यासारखे झाले, दरदरून घाम सुटला, कळ हातात किंवा जबड्यात गेली, तर 'गॅस झाला' म्हणून लसूण चघळत, ओवा खात बसू नका. माणूस शेतात असो की घरी, लगेच १०८ ला फोन करा. पहिल्या तासात दवाखाना गाठला तर माणूस वाचतो.

शेवटी एवढेच. या मेळाव्यातून प्रत्येक गावाने एक गोष्ट ठरवून जावी. येत्या महिन्यात तीस वर्षांवरच्या प्रत्येक बाईमाणसाचा आणि गड्याचा रक्तदाब मोजून घ्यायचा आणि आकडा वहीत लिहायचा. कापूस वजनकाट्यावर घातल्याशिवाय आपण विकत नाही. मग स्वतःचा जीव अंदाजाने का चालवायचा?

लसूण ताटात राहू द्या, गोळी वेळेवर घ्या, आणि पुढच्या मेळाव्याला सगळे धडधाकट या.