यात्रेत कुत्रं आवरा

मार्गशीर्षात माळेगावी खंडोबाची यात्रा अन् घोड्यांचा बाजार भरतो. चाकूरकडून कारवानी कुत्रं संगं नेणार असाल, तर एवढं ऐका. घोडा आणि कुत्रा दोन्ही देवाचे, पण बाजारात त्यांची गाठ पडू देऊ नका.

घोड्याला थेट पाठीमागचं दिसत नाही. कुत्रं मागून भुंकलं की तो बुजतो, लाथ झाडतो, नाहीतर दावं तोडून गर्दीत उधळतो. लेकरं तुडवली जातात.

म्हणून मजबूत पट्टा घाला, साखळी दोन हातांहून लांब सोडू नका. घोडेवाल्यानं लगाम धरून घोड्याचं तोंड कुत्र्याकडं करावं.

रेबीजची लस आधीच टोचून घ्या. माणसाला चावलंच, तर जखम साबण-पाण्यानं १५ मिनिटं धुवा, त्याच दिवशी दवाखाना गाठा.