प्राध्यापक जेव्हा मंत्री होतो
(सांबरा येथील मेळाव्यात केलेले भाषण)



आम्ही बँकेत आकडे मांडणारी माणसे. व्यासपीठाची सवय नाही, पण आज एक हिशेब मांडतो.

शिकलेल्या घरांतून नेहमी ऐकू येते, 'राजकारण हे आपले काम नव्हे.' मग प्रा. एन. डी. पाटील यांचे काय? शेतकऱ्याघरचा हा मुलगा अर्थशास्त्रात एम.ए. झाला, साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी कॉलेजात शिकवू लागला. पुढे शेतकरी कामगार पक्षातून आमदार झाला आणि १९७८ ते १९८० या काळात महाराष्ट्राचा सहकारमंत्री. खुर्ची गेली, पण सर हे सरच राहिले. २००४ साली सीमाप्रश्नाचा दावा सर्वोच्च न्यायालयात गेल्यावरही त्यांनी आपली साथ सोडली नाही. १७ जानेवारी २०२२ रोजी ते गेले.

डॉ. धनंजयराव गाडगीळ हे पुण्याच्या गोखले संस्थेचे. १९६७ साली ते नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष झाले. आम्हा बँकवाल्यांना ठाऊक असलेली १९६९ ची अग्रणी बँक योजना त्यांच्याच अभ्यासगटाच्या विचारातून आली.

आणि आम्ही? पदवी घेतली, नोकरी धरली, मुलांना पुण्याला धाडले. सभेला गर्दी होते. पण परिपत्रके, उतारे, दाव्याचे कागद वाचायला चार म्हातारी माणसेच उरतात. हा दोष आमचाच आहे.

म्हणून विनंती एकच. प्रत्येक घरातल्या पदवीधराने महिन्याची एक संध्याकाळ या कागदांना द्यावी. यादीत पहिले नाव आमचे लिहा.