बल, वस्तुमान आणि त्वरण : एक पाठ



पालघर-बोईसर परिसरातील मुलांना आगगाडी परकी नाही. २०१३ साली उपनगरी गाड्या विरारच्या पुढे डहाणू रोडपर्यंत धावू लागल्या आणि गाडीचे सुटणे व थांबणे मुलांच्या नित्य पाहण्यातले झाले. न्यूटनने १६८७ साली ग्रंथरूपाने मांडलेला गतीचा दुसरा नियम शिकविण्यास याहून चांगले साधन शोधावयास नको.

प्रथम एक गैरसमज दूर करावा. ढकलणे थांबले की हातगाडी थांबते, यावरून मुले समजतात की, गती टिकण्यासाठी बल लागते. वस्तुतः हातगाडीला थांबविते ते घर्षण, आणि घर्षण हेही एक बलच होय. बलाचे कार्य वेग टिकविणे नसून वेग बदलणे हे आहे. दर सेकंदास वेगात होणाऱ्या बदलास त्वरण म्हणतात.

हे प्रयोगाने पटवावे. सहज फिरणाऱ्या चाकांच्या लहान गाडीवर एक वीट ठेवावी. गाडीला रबरबँड अडकवून तो पट्टीवर मोजून ठराविक लांबीइतका ताणावा व ताण कायम राखीत गाडी ओढावी. ओढणाऱ्या मुलास पावले उत्तरोत्तर भराभर टाकावी लागतील. बल तेच, पण वेग वाढत जातो, हे त्यास स्वतः कळेल. मग दोन विटा ठेवून तितक्याच ताणाने ओढावे. वेग सावकाश वाढेल. तारापूर औद्योगिक वसाहतीतून निघणारा रिकामा ट्रक लवकर वेग घेतो आणि भरलेला रेंगाळतो, त्याचे कारण हेच.

यानंतरच सूत्र फळ्यावर लिहावे : निव्वळ बल = वस्तुमान × त्वरण. १ किलोग्रॅम वस्तुमानात दर सेकंदास सेकंदाला १ मीटर इतका वेग वाढविणारे बल म्हणजे १ न्यूटन.

आता गणित घ्यावे. ५०० टन, म्हणजे ५,००,००० किलोग्रॅम वस्तुमानाची गाडी ताशी ७२ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला २० मीटर वेगाने येत आहे, असे धरू. ब्रेकमुळे तिचा वेग दर सेकंदास अर्धा मीटरने घटतो असे मानल्यास लागणारे बल २,५०,००० न्यूटन होते. एवढे प्रचंड बल लावूनही गाडी थांबण्यास ४० सेकंद लागतात. या काळातील सरासरी वेग सेकंदाला १० मीटर. म्हणून ती ४०० मीटर पुढे जाऊनच थांबते. पोलादी रुळावर पोलादी चाकाची पकड मर्यादित असल्याने ब्रेकचे बल हवे तितके वाढविता येत नाही.

हे ४०० मीटर शाळेच्या रस्त्यावर मुलांकडून पावलांनी मोजवून घ्यावेत. चालकाने पाहिले म्हणजे गाडी थांबेल, हा समज मग उरणार नाही. रूळ ओलांडण्याचा मोह ज्या मुलास होतो, त्याच्यासाठी हे सूत्र केवळ परीक्षेपुरते नाही. पुलावरूनच का जावे, हे त्याला स्वतःच्या गणिताने समजले, तर पाठ सफल झाला असे मानावे.