शिक्षकाचा अपराध आणि यथार्ह दंड



परीक्षेतील गैरप्रकार म्हटले की डोळ्यांसमोर उभा राहतो तो बाहीत चिठ्ठी लपवणारा विद्यार्थी, शाळेच्या भिंतीवरून कागदाचे बोळे फेकणारे त्याचे मित्र आणि दारात येऊन ठेपलेले भरारी पथक. या चित्रात शिक्षक राखणदाराच्या भूमिकेत असतो. पण कुंपणानेच शेत खाल्ले तर? ज्याच्या हाती उत्तरपत्रिका विश्वासाने सोपवल्या, त्यानेच दार लावून घेऊन त्या दुरुस्त केल्या, तर त्याला शिक्षा कोणती आणि किती?

हा प्रश्न अमेरिकेतील जॉर्जिया राज्याच्या राजधानीत, अटलांटा नगरीत, प्रत्यक्ष उभा राहिला. तेथील न्यायालयाने त्याचे जे उत्तर दिले, त्यावर आजही एकमत नाही. त्या प्रकरणाचा विचार आपल्याकडे होणे अगत्याचे आहे. कारण रोग एका देशाचा नसून मनुष्यस्वभावाचा आहे.

आकड्यांचा अंमल

जानेवारी २००२ मध्ये राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश यांनी ‘नो चाइल्ड लेफ्ट बिहाइंड’ या कायद्यावर स्वाक्षरी केली. एकही मूल मागे राहू नये, हा हेतू उदात्त होता. तिसरी ते आठवीच्या मुलांची दरवर्षी वाचन व गणिताची प्रमाणित चाचणी घ्यावी, शाळेची प्रगती त्या गुणांवरून मोजावी आणि २०१४ पर्यंत सर्व मुले अपेक्षित पातळीवर आणावीत, असे ठरले. ज्या शाळा सातत्याने मागे राहतील, त्यांच्यावर क्रमाक्रमाने कठोर उपाय योजायचे होते.

अटलांटाच्या सार्वजनिक शाळांची सूत्रे १९९९ पासून डॉ. बेव्हर्ली हॉल यांच्याकडे होती. या शाळांतील बहुसंख्य मुले गरीब, कृष्णवर्णीय कुटुंबांतील. हॉल यांनी प्रत्येक शाळेला गुणांचे लक्ष्य दिले. ते गाठणाऱ्यांना बक्षीस आणि न गाठणाऱ्या मुख्याध्यापकांना घरचा रस्ता, असा खाक्या सुरू झाला. एका मुख्याध्यापकाने तर वर्गाचे गुण कमी आले म्हणून शिक्षिकेला सहकाऱ्यांच्या बैठकीत टेबलाखालून रांगायला लावले, अशी नोंद पुढे चौकशी अहवालात झाली. गुण मात्र वर्षागणिक चढत गेले. २००९ मध्ये हॉल यांना देशातील सर्वोत्कृष्ट शिक्षण-अधीक्षकाचा सन्मान मिळाला. आपल्या कारकीर्दीत त्यांनी पाच लाख डॉलरहून अधिक रक्कम केवळ कामगिरीच्या बक्षिसापोटी घेतली.

खोडरबराची साक्ष

हा चमत्कार उघडा पाडला तो खोडरबराने. यंत्राने तपासल्या जाणाऱ्या उत्तरपत्रिकेवर एखादे वर्तुळ खोडून दुसरे भरले की पहिल्याची पुसट छाया मागे उरते आणि यंत्र ती टिपते. मूल स्वतः खोडते तेव्हा कधी चुकीचे बरोबर होते, कधी बरोबरचे चूक. पण काही वर्गांत चुकीची उत्तरे खोडून बरोबर केल्याचे प्रमाण इतके प्रचंड होते की तो योगायोग असणे शक्यच नव्हते. ‘अटलांटा जर्नल-कॉन्स्टिट्यूशन’ या वृत्तपत्राने संशय व्यक्त केला, राज्य शासनाने २००९ च्या उत्तरपत्रिकांचे विश्लेषण करवले आणि २०१० मध्ये राज्यपालांनी विशेष चौकशी अधिकारी नेमले.

जुलै २०११ मध्ये अहवाल प्रसिद्ध झाला. तपासलेल्या ५६ शाळांपैकी ४४ शाळांत गैरप्रकार आढळले. १७८ शिक्षक व मुख्याध्यापकांची नावे त्यात आली, त्यांत ३८ मुख्याध्यापक होते. ८२ जणांनी कबुली दिली. एका शाळेतील शिक्षक तर उत्तरपत्रिका घेऊन आठवड्याच्या सुट्टीत एका सहकाऱ्याच्या घरी जमले आणि तेथे पंगतीला बसावे तसे बसून त्यांनी उत्तरे बदलली. जे शिक्षक याविरुद्ध बोलले, त्यांना त्रास झाला. तक्रारी दाबल्या गेल्या. भीतीचे आणि मौनाचे वातावरण असे त्या यंत्रणेचे वर्णन अहवालात आहे.

चोरी नेमकी कोणाची झाली?

येथे क्षणभर थांबले पाहिजे. वरवर पाहता यात कोणाचे काय गेले? मुलांना गुण मिळाले, शाळेला मान मिळाला, पालक आनंदित झाले. मग अपराध कोणाचा?

जे मूल चौथीत असूनही सरळ वाक्य वाचू शकत नव्हते, त्याच्या गुणपत्रिकेवर ‘अपेक्षेप्रमाणे प्रगती’ असा शिक्का बसला. त्यामुळे मागे पडलेल्या मुलांसाठी असलेल्या जादा तासांना, विशेष शिक्षकाला ते मूल अपात्र ठरले. आईला घरी दिसत होते की आपल्या लेकराला वाचता येत नाही. पण शाळेचा कागद तिला सांगत होता की सर्व ठीक आहे. ज्या कागदाने धोक्याची घंटा वाजवायची, त्याचीच जीभ कापली गेली. खोटे गुण हे वरकरणी दान दिसते, प्रत्यक्षात ती चोरी असते. आणि तीही ज्याच्याजवळ शाळेखेरीज दुसरा आधार नाही अशा मुलाच्या घरची.

न्यायालयाचा दंड

मार्च २०१३ मध्ये हॉल यांच्यासह ३५ जणांवर आरोप ठेवण्यात आले. त्यासाठी वापरलेला कायदा संघटित गुन्हेगारीविरुद्धचा होता. माफिया टोळ्यांना जेरबंद करण्यासाठी जन्मलेल्या या प्रकारच्या कायद्याखाली शिक्षक उभे राहिले. बहुतेकांनी गुन्हा मान्य करून सौम्य शिक्षा पत्करली. १२ जणांचा खटला चालला. हॉल यांनी आरोप अखेरपर्यंत नाकारले. कर्करोगाने त्या आजारी होत्या आणि मार्च २०१५ मध्ये, निकालापूर्वीच त्यांचे निधन झाले. १ एप्रिल २०१५ रोजी ११ जण दोषी ठरले, एक निर्दोष सुटला.

न्यायाधीश जेरी बॅक्स्टर यांनी तिघा वरिष्ठ अधिकाऱ्यांना २० वर्षांची शिक्षा सुनावली. त्यातील सात वर्षे प्रत्यक्ष तुरुंगात काढायची होती. देशभर खळबळ उडाली. सुमारे दोन आठवड्यांनी न्यायाधीशांनी स्वतः ही शिक्षा कमी करून तुरुंगवास तीन वर्षांवर आणला व प्रत्येकी २५ हजार डॉलरचा दंड १० हजार डॉलरवर आणला. पुढे अपिले वर्षानुवर्षे चालली.

यावर दोन मते पडली. एक मत असे की, मुलांचे भवितव्य लुटणाऱ्याला दरोडेखोराहून कमी का लेखावे? दुसरे मत असे की, ज्या देशात २००८ च्या आर्थिक अरिष्टास कारणीभूत ठरलेले बडे बँकर मोकळे फिरले, तेथे शाळेतील शिक्षकांना माफियाच्या कायद्याने तुरुंगात धाडणे हा न्याय नव्हे. खरा दोष गुणांनाच सर्वस्व मानणाऱ्या व्यवस्थेचा. डोनाल्ड कॅम्पबेल या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९७० च्या दशकातच बजावले होते की, एखाद्या आकड्यावर जितके अधिक निर्णय टांगावे, तितका तो आकडा भ्रष्ट होतो आणि ज्या कार्याचे मापन तो करतो, त्या कार्यालाही भ्रष्ट करतो.

दोन्ही मतांत सत्यांश आहे. मग निर्णय कसा करावा?

कौटिल्याची कसोटी

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात या प्रश्नाला उपयोगी पडणारी दृष्टी आहे. राजाने दंड कसा द्यावा, हे सांगताना आचार्य म्हणतात की, तीक्ष्ण दंडाने प्रजा भयभीत व उद्विग्न होते, मृदू दंडाने राजाचीच अवहेलना होते आणि यथार्ह, म्हणजे अपराधास साजेसा दंड देणारा राजा आदरास पात्र होतो. अटलांटात सात वर्षांचा दंड सुमारे दोन आठवड्यांत तीन वर्षांवर यावा लागला, हे यथार्हतेचा शोध चालू असल्याचेच लक्षण होय.

याच ग्रंथाच्या दुसऱ्या अधिकरणात राजकोशाच्या अपहाराचे ४० प्रकार दिले आहेत. पाण्यात फिरणारा मासा पाणी केव्हा पितो हे जसे कळत नाही, तसे अधिकारी धन केव्हा खातो हे कळत नाही, ही आचार्यांची उपमा सर्वश्रुत आहे. पण त्यापुढची व्यवस्था फारशी सांगितली जात नाही, आणि खरे मार्गदर्शन तेथेच आहे. अपहाराची शंका येताच लिहिणारा, घेणारा, देणारा, देवविणारा, सल्ला देणारा अशा प्रत्येकाची स्वतंत्र चौकशी करावी. जो खोटे बोलेल त्याला मुख्य अपराध्याइतकाच दंड व्हावा. नंतर दवंडी पिटावी की, या अधिकाऱ्यामुळे ज्यांची हानी झाली त्यांनी पुढे यावे. आणि जे येतील त्यांना हानीप्रमाणे भरपाई द्यावी. अपहार उघडकीस आणून तो सिद्ध करणाऱ्यास त्या रकमेचा सहावा हिस्सा द्यावा, तो सेवकच असेल तर बारावा. आणि खोटी चुगली करणारा मात्र दंडास पात्र ठरावा.

या कसोटीवर अटलांटा तपासले तर काय दिसते? मुख्य अपराध्यांना दंड झाला, हे योग्यच. पण सत्य बोलणाऱ्या शिक्षकाला बक्षीस तर सोडाच, छळ सोसावा लागला. आणि दवंडी पिटून मुलांना बोलावण्याचे काम सर्वांत मागे राहिले. शिक्षेची चर्चा वर्षानुवर्षे झाली. ज्यांचे वाचन हुकले होते ती मुले तोवर मोठी होत होती.

आपल्या अंगणात

हे सारे परक्याचे म्हणून सोडून देता येणार नाही. महाराष्ट्रात शिक्षक होण्यासाठी जी पात्रता परीक्षा आहे, त्या टीईटीतच घोटाळा झाला. जानेवारी २०२० मध्ये झालेल्या परीक्षेतील गुण पैसे घेऊन वाढवल्याच्या आरोपावरून डिसेंबर २०२१ मध्ये पुणे पोलिसांनी राज्य परीक्षा परिषदेच्या तत्कालीन आयुक्तांना अटक केली आणि २०२२ मध्ये सात हजारांहून अधिक उमेदवारांवर परिषदेने कारवाई केली. उद्या वर्गात उभे राहून प्रामाणिकपणाचा धडा देणारा आजच विकत घेतलेल्या गुणांवर पात्र ठरत असेल, तर तो कोणता धडा देणार? २०२४ च्या नीट परीक्षेच्या वेळी गोध्रा येथे आणि लातूर येथे ज्यांची नावे तपासात पुढे आली, त्यांत शिक्षकही होते. ते आरोप न्यायप्रविष्ट आहेत. पण नावे शिक्षकांची यावीत, हीच लाजेची बाब आहे.

कायदे नाहीत असे नाही. महाराष्ट्रात परीक्षांतील गैरप्रकारांविरुद्ध १९८२ पासून अधिनियम आहे. उत्तर प्रदेशात कल्याणसिंह यांच्या शासनाने १९९२ मध्ये कॉपीविरोधी कठोर कायदा आणला, तेव्हा हायस्कूल परीक्षेचा निकाल १४.७० टक्क्यांवर आला आणि सूज किती होती हे जगाला दिसले. ते धैर्य निःसंशय मोठे होते. परंतु त्या कायद्याचा आसूड कोवळ्या विद्यार्थ्यांवरही पडला, पुढच्या शासनाने तो रद्द केला आणि कॉपी पुन्हा बोकाळली. केंद्राने २०२४ मध्ये केलेल्या सार्वजनिक परीक्षा अधिनियमाने यातून बोध घेतलेला दिसतो. त्याचा रोख परीक्षार्थींवर नसून गैरप्रकार घडवणाऱ्यांवर आहे. तीन ते पाच वर्षे कैद व १० लाखांपर्यंत दंड, आणि संघटित गुन्ह्यास पाच ते दहा वर्षे कैद व किमान एक कोटी दंड, अशी त्यात तरतूद आहे. मात्र तो केंद्रीय भरती व प्रवेश परीक्षांपुरता आहे. गावातील शाळेच्या चाचणीपर्यंत तो पोहोचत नाही.

दंडाची उतरंड

म्हणून दंडाची उतरंड स्पष्ट हवी. आज्ञा देणारा आणि त्यातून लाभ उठवणारा अधिकारी सर्वांत वर. त्याला कैद व्हावी आणि घेतलेली बक्षिसे परत घ्यावीत. लोभाने हात काळे करणाऱ्या शिक्षकाची नोकरी व अध्यापनाचा अधिकार कायमचा जावा. भीतीपोटी निमूटपणे सामील झालेल्याने सत्य सांगितल्यास त्याला सौम्य दंड आणि प्रायश्चित्ताची संधी मिळावी. सत्य प्रथम सांगणाऱ्याला संरक्षण व सन्मान लाभावा. आणि या सर्वांच्या आधी, ज्या मुलांचे नुकसान झाले त्यांना शोधून काढून त्यांच्यासाठी शिक्षक नेमावेत.

त्याचबरोबर मोह निर्माण करणारी व्यवस्थाही सुधारावी लागेल. ज्याची बढती-बदली निकालावर अवलंबून आहे, त्याच्याच हाती तो निकाल ठेवणे हा शहाणपणा नव्हे. नांदेड जिल्ह्यात श्रीकर परदेशी जिल्हाधिकारी असताना राबवलेल्या कॉपीमुक्ती अभियानाने दाखवून दिले की, प्रशासनाने मनावर घेतले तर चित्र पालटते. संघाने व्यक्तीऐवजी भगव्या ध्वजाला गुरुस्थानी मानले, त्यामागेही हीच जाण आहे की व्यक्ती कितीही थोर असली तरी स्खलनशील असते. शिक्षकाचा आदर ठेवावा आणि उत्तरपत्रिकांचा गठ्ठा मात्र मोहोरबंद ठेवावा. यात विसंगती काहीच नाही.

शेवटी प्रश्न येतो तो घराघरांपर्यंत. ‘आमच्या केंद्रावर सांभाळून घेतात’ हे ऐकून समाधानाने मान डोलावणारा पालक असतो, म्हणूनच सांभाळून घेणारा शिक्षक निपजतो. नव्वद टक्क्यांचे पेढे वाटण्यापूर्वी एकदा मुलाला जवळ बसवावे, त्याच्याकडून पुस्तकाचे एक पान मोठ्याने वाचून घ्यावे, एक हिशेब करून घ्यावा. अटलांटातील त्या आयांना शाळेच्या कागदापेक्षा आपल्या डोळ्यांवर विश्वास ठेवायला कोणी सांगितले असते, तर कितीतरी मुले वाचली असती. न्यायालय दंड देईल तेव्हा देईल. ती परीक्षा आज रात्री जेवणानंतर कोणत्याही घरात घेता येण्यासारखी आहे.