रक्त पातळ करणारें औषध आणि ज्याचें त्याचें माप

पक्षाघाताचा झटका येऊन गेलेल्या माणसाला घरीं सोडतांना डॉक्टर जी चिठ्ठी देतात, तींत पुष्कळदां एक ओळ रक्त पातळ करणाऱ्या औषधाची असते. घरांतील मंडळी त्या ओळीकडे इतर गोळ्यांप्रमाणेंच पाहतात. वस्तुतः ती गोळी निराळ्या जातीची आहे. तिची मात्रा कमी पडली तर दुसरा झटका येण्याचें भय. अधिक झाली तर मेंदूंत किंवा आंतड्यांत रक्तस्राव होण्याचें. मधली वाट अरुंद आहे, आणि ती प्रत्येकाची वेगळी आहे. ही वाट रोग्याच्या जनुकांवरून आधींच ओळखतां येईल काय, हा गेल्या वीसएक वर्षांतील वैद्यकशास्त्राचा एक महत्त्वाचा प्रश्न होऊन बसला आहे.

प्रथम एक खुलासा अवश्य आहे. ह्या औषधानें रक्त पाणी घातलेल्या ताकासारखें पातळ होत नाहीं. तें गोठण्यास फक्त अधिक वेळ लागतो. शिवाय पक्षाघात दोन प्रकारचा असतो. बहुतेक वेळां मेंदूची रक्तवाहिनी गुठळीनें बंद होते. कांहीं वेळां ती फुटते. फुटलेल्या वाहिनीवर हें औषध म्हणजे प्रत्यक्ष विषच. म्हणून डोक्याचें सी.टी. चित्र काढल्यावांचून गोळी सुरू करावयाची नसते.

आतां एक उदाहरण घेऊं. अहिल्यानगर जिल्ह्यांतील (2024 पूर्वींचा अहमदनगर जिल्हा) पाथर्डी आणि शेवगांव ह्या तालुक्यांतून दरवर्षीं दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात आणि उन्हाळा लागल्यावर परततात. अशा टोळींत एक चाळिशीची बाई आहे असें समजा. लहानपणीं घसा येऊन सांधे सुजले होते. तेव्हांच्या त्या संधिवाताच्या तापानें हृदयाची एक झडप अरुंद होऊन बसली. पुढें हृदयाची लय बिघडली, आंत गुठळी झाली, ती मेंदूंत गेली, आणि एका सकाळीं बाईचा उजवा हात उचलेना. उपचारानें हात बराचसा परत आला. आतां तिला जन्मभर वॉर्फरिन किंवा आपल्याकडे अधिक चालणारें त्याचें भावंड असेनोकुमारॉल घ्यावें लागणार, आणि तिच्या हातांत तर कोयता!

मात्रा न मोजतां देतां येणारीं नवीं औषधें निघालीं आहेत, मग तीं कां देऊं नयेत, असें कोणी विचारील. साध्या लयबिघाडांत तीं दिलींही जातात. परंतु ह्याच संधिवाती झडपेच्या रोग्यांवर भारतासह 24 देशांत, 4,500 हून अधिक माणसांवर झालेल्या प्रयोगाचा निष्कर्ष 2022 सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत जुन्या औषधाच्या गटांत मृत्यु कमी झाले. तेव्हां ह्या बाईला जुनेंच औषध हवें.

ह्या जुन्या औषधाचा जन्म मोठा चमत्कारिक आहे. 1920 नंतरच्या दशकांत कॅनडा व उत्तर अमेरिकेंतील गुरें किरकोळ जखमेनें रक्त वाहून मरूं लागलीं. बुरशी आलेलें एक गवत खाल्ल्यानें हें होतें, असें गुरांच्या डॉक्टरांस आढळलें. 1933 च्या फेब्रुवारींत विस्कॉन्सिनमधील एक शेतकरी बर्फाच्या वादळांतून मेलेली कालवड आणि न गोठणाऱ्या रक्तानें भरलेला दुधाचा डबा घेऊन कार्ल पॉल लिंक ह्या रसायनशास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेंत गेला. तेथें सुरू झालेल्या शोधांतून वॉर्फरिन निघालें. 1948 सालीं तें उंदीर मारण्यासाठीं बाजारांत आलें, आणि 1954 मध्यें माणसांस देण्याची परवानगी मिळाली. उंदरांचें विष आणि माणसांचें औषध एकच. अंतर केवळ मात्रेचें.

ही मात्रा इतकी बदलती कां? रक्त गोठविणारीं द्रव्यें तयार करण्यास यकृताला जीवनसत्त्व ‘के’ लागतें. एकदां वापरलेलें ‘के’ पुन्हां कामास योग्य करणारें एक विकर शरीरांत असतें. वॉर्फरिन तेंच अडवितें. ह्या विकराची घडण ज्या जनुकांत लिहिलेली असते, त्याचें नांव व्ही.के.ओ.आर्.सी. 1, तें 2004 सालीं सांपडलें. औषध शरीराबाहेर घालविण्याचें काम मुख्यतः सी.वाय्.पी. 2 सी 9 ह्या दुसऱ्या जनुकाकडे आहे. पहिल्या जनुकाचा एक प्रकार ज्याच्यांत असेल त्याला थोडें औषधही पुरतें. दुसऱ्याचा मंद प्रकार असेल तर औषध अंगांत सांचत जातें. म्हणून एकाला दिवसाला एक मिलिग्रॅम भारी होतें, तर दुसऱ्याला दहा मिलिग्रॅमही अपुरें पडतें. वजन, वय आणि आहार ह्यांचा वांटा आहेच.

जनुकें पाहून मात्रा ठरविली तर लाभ किती, ह्याची उत्तरें एकसारखीं नाहींत. 2013 सालीं युरोपांतील 455 रोग्यांच्या प्रयोगांत जनुकें पाहिलेल्यांचें रक्त योग्य मर्यादेंत राहण्याचा काळ 67.4 टक्के, तर इतरांचा 60.3 टक्के भरला. त्याच वर्षीं अमेरिकेंतील 1,015 रोग्यांत कांहींच फरक दिसला नाहीं. उलट कृष्णवर्णीय रोग्यांत जनुकांचा हिशेब साध्या हिशेबाहूनही चुकला. आफ्रिकी वंशांत आढळणारे कित्येक प्रकार त्या सूत्रांत धरलेच नव्हते. दुसऱ्याच्या मापानें शिवलेला अंगरखा आपल्याला बेताचा कसा होणार? व्ही.के.ओ.आर्.सी. 1 चा तो थोड्या मात्रेचा प्रकार पूर्व आशियांत बहुसंख्य, युरोपांत मध्यम, आणि भारतांत त्याहून बराच कमी आहे. परदेशी सूत्र पाथर्डीच्या रोग्याला जसेंच्या तसें लावणें त्यामुळें धोक्याचें. 10,000 भारतीयांच्या जनुकसंचांची जी माहिती 2025 च्या जानेवारींत अभ्यासकांस खुली करण्यांत आली, तिचें मोल ह्या दृष्टीनें मोठें आहे.

झडप चांगली असून मानेच्या वा मेंदूच्या वाहिनींतील दोषामुळें ज्यांना झटका येतो, त्यांची गोष्ट निराळी. त्यांना बहुधा ॲस्पिरिन व क्लोपिडोग्रेल देतात. क्लोपिडोग्रेल गिळतांना निष्क्रिय असतें, यकृतांत सी.वाय्.पी. 2 सी 19 ह्या जनुकाच्या कृपेनें तें कामाचें होतें. जनुक दुबळें असेल तर गोळी नियमित घेऊनही गुण कमीच. ब्रिटनमधील बांगलादेशी व पाकिस्तानी वंशाच्या लोकांच्या पाहणींत 57 टक्क्यांत असें दुबळें जनुक निघालें. भारतीयांतही तें पुष्कळ आढळतें. चीनमध्यें अशा 6,412 रोग्यांना दोन औषधें वांटून दिलीं. 2021 सालीं निकाल आला: 90 दिवसांत पुन्हां झटका क्लोपिडोग्रेलवर 7.6 टक्क्यांस, टिकाग्रेलॉरवर 6 टक्क्यांस. मात्र किरकोळ रक्तस्राव दुसऱ्या गटांत अधिक. इंग्लंडमधील औषधविषयक संस्थेनें 2024 मध्यें पक्षाघातानंतर ह्या जनुकाची तपासणी करण्याची शिफारस केली. येथें जनुक मात्रा सांगत नाहीं, औषध कोणतें घ्यावें तें सांगतें.

पाथर्डीच्या बाईकडे परत येऊं. जनुकांची तपासणी जन्मांत एकदांच करावी लागते, आणि तिचा उपयोग पहिल्या कांहीं आठवड्यांत, मात्रा अंधारांत चांचपली जात असतां, सर्वांत अधिक. परंतु ऊसतोडीच्या कोपीवर हिरवी भाजी फारशी नसते. गांवीं परतल्यावर मेथी, पालक, चाकवत ताटांत येतात. भाजींतील ‘के’ वाढलें कीं औषधाचा जोर उतरतो, भाजी तुटली कीं चढतो. अंग दुखतें म्हणून दुकानांतून आणलेली दुखण्याची गोळी, जुलाबासाठीं घेतलेलें मेट्रोनिडाझोल, ह्यांपैकीं कशाचीही खबर जनुकांना नसते. ती रक्ताच्या आय्.एन्.आर्. ह्या तपासणींतच लागते. तिचा आंकडा दोन ते तीन ह्यांच्या मध्यें असावा लागतो. मात्रा बसली तरी ही तपासणी दर महिन्या-दोन महिन्यांनीं व्हावी लागते, आणि बाई तर सहा महिने कारखान्याच्या रानांत!

जिल्ह्यांत लोणीसारख्या ठिकाणीं वैद्यकीय महाविद्यालय आहे. शहरांत रक्त तपासणाऱ्या प्रयोगशाळाही आहेत. पण रोजंदारी बुडवून तेथवर जाणें टोळीच्या माणसाला परवडत नाहीं. बोटाच्या एका थेंबावर आय्.एन्.आर्. सांगणारीं हातांत मावणारीं यंत्रें निघालीं आहेत. तसलें एक यंत्र फडाजवळच्या आरोग्यकेंद्रांत असणें ह्या बाईला जनुकांच्या तपासणीइतकेंच अगत्याचें. तोंपर्यंत निदान एवढें व्हावें: औषधाचें नांव, मात्रा, शेवटचा आय्.एन्.आर्. आणि जनुकें तपासलीं असल्यास त्यांचा निष्कर्ष हीं एका जाड कार्डावर मराठींत लिहून तें निघतांनाच तिच्या बोचक्यांत बांधावें. कोयता लागून रक्त थांबेनासें झालें, तर परक्या गांवच्या डॉक्टरला पहिल्यानें तेंच कार्ड पाहावें लागेल.