तारेतला डेटा आणि हवेतला डेटा

ऑक्टोबर २०१६ मध्ये जगभरात संगणकापेक्षा मोबाइल आणि टॅबलेटवरून वेबपानं जास्त पाहिली गेली. हे प्रथमच घडलं, अशी नोंद स्टॅटकाउंटर या मोजणी करणाऱ्या कंपनीनं केली. आपल्याकडे त्याच वर्षी सप्टेंबरात जिओची मोबाइल सेवा बाजारात आली आणि डेटा स्वस्त झाला. तेव्हा संकेतस्थळं बनवणाऱ्यांनी ठरवून टाकलं की पडदा लहान झाला, आता पान आटोपशीर केलं की भागलं. मला ही समजूत अपुरी वाटते. पडद्यापेक्षा मोठा फरक आहे तो डेटा ज्या वाटेनं येतो त्या वाटेत.

टॉवरपासून फोनपर्यंतचा शेवटचा टप्पा हवेतून जातो. तारेच्या जोडणीतही वाटेकरी असतात, पण तार जागची हलत नाही. इथे टॉवरच्या एका बाजूच्या सगळ्या फोनांना ठरावीक लहरी वाटून घ्याव्या लागतात, आणि कोणाला किती द्यायच्या हे फोर-जीचा टॉवर दर मिलिसेकंदाला नव्यानं ठरवतो. शिवाय बॅटरी वाचवण्यासाठी काही सेकंद काम नसलं की फोनमधला रेडिओ झोपी जातो. त्याला उठवायला थ्री-जीवर कधी सेकंदाहून जास्त वेळ लागे. फोर-जीवर तो बराच घटला, तरी संपलेला नाही. म्हणून दर थोड्या वेळानं चिमूटभर माहिती मागणारं ॲप, सगळं एकदम मागणाऱ्या ॲपपेक्षा बॅटरी जास्त खातं. घरच्या संगणकासाठी लिहिणाऱ्या प्रोग्रॅमरला हा हिशेब कधी करावाच लागला नव्हता.

दुसरी अडचण जुनी आहे. १९८६ मध्ये इंटरनेट अक्षरशः तुंबलं होतं. त्यावर संगणकशास्त्रज्ञ व्हॅन जेकबसन यांनी १९८८ मध्ये जो उपाय मांडला, त्याचं सूत्र असं: पॅकेट, म्हणजे डेटाचा पाठवलेला तुकडा, हरवलं म्हणजे पुढे कोंडी आहे, तेव्हा वेग कमी करा. तारेवर हे बहुतेक वेळा खरं ठरतं. हवेत मात्र पॅकेट हरवतं ते लिफ्टचं दार बंद झाल्यामुळे किंवा गाडी खंडाळ्याच्या बोगद्यात शिरल्यामुळे. टॉवर ते पॅकेट स्वतःच पुन्हा पाठवू पाहतो आणि नुकसानीची जागा अनियमित विलंब घेतो. त्यातच घरातून बाहेर पडताना वायफाय सुटून मोबाइल डेटा सुरू झाला, की फोनचा इंटरनेटवरचा आयपी पत्ता बदलतो आणि जुन्या पद्धतीचा संवाद तुटतो. २०२१ मध्ये प्रमाणित झालेल्या क्विक या पद्धतीत जोडणीलाच वेगळी ओळख दिली आहे, त्यामुळे पत्ता बदलला तरी संवाद चालू राहू शकतो.

फाइव्ह-जीनं हा फरक पुसला, असं काहीजण म्हणतील. वेग वाढला हे कबूल. पण वेग एका क्षणाचा असतो आणि भरवसा सलग मिळावा लागतो. ‘लोक फोन वापरतात ते बहुधा घरच्या वायफायवर,’ हा दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. वायफायवरचा फोन खरोखरच तारेच्या वर्दळीत मोडतो, आणि फोनच्या हॉटस्पॉटवर चालणारा लॅपटॉप मोबाइलच्या. यंत्र पाहून मोजणी केली, तर ती इथेच चुकते. पण भारतापुरतं बोलायचं तर दूरसंचार नियामक ट्रायच्या आकडेवारीप्रमाणे २०२३ च्या अखेरीस सुमारे ९४ कोटी इंटरनेट जोडण्यांपैकी तारेच्या जोडण्या ४ कोटींच्याही आत होत्या. एका तारेवर घरातली चार-पाच माणसं धरली, तरी बहुसंख्यांसाठी हवेतलीच वाट उरते.

इतके लोक मोबाइल डेटावर असण्याचा एक परिणाम सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. जुन्या पद्धतीच्या आयपी पत्त्यांची एकूण संख्याच सुमारे ४२९ कोटी. त्यामुळे मोबाइल कंपन्या शेकडो ग्राहकांना बाहेरच्या जगात एकाच पत्त्यानं उभं करतात. आयपीव्ही६ चे नवे पत्ते भारतात झपाट्यानं रुजले, पण कितीतरी संकेतस्थळं अजून जुन्यावरच आहेत. परीक्षेच्या निकालाच्या दिवशी अशा एखाद्या संकेतस्थळानं ‘एका पत्त्यावरून फार विनंत्या आल्या’ म्हणून दार लावलं, तर ते हल्लेखोराला अडवत नसतं. एकाच पत्त्यामागे उभी असलेली तालुक्यातली मुलं बाहेर राहतात, आणि फायबरवाल्या घरातला मुलगा गुण पाहून मोकळा होतो.